बिनतारी स्थानिक जाळ्याची दूरस्थ चाचणी

बिनतारी स्थानिक जाळ्याची दूरस्थ चाचणी : कार्यालये, न्यायालये, शिक्षणसंस्था इत्यादींच्या बैठक-कक्षांत मिळणारा बिनतारी संगणक-संपर्क प्रत्यक्ष त्या जागी न जाता दुसऱ्या ठिकाणाहून तपासण्याची पद्धती. हा संपर्क ‘वाय-फाय’ या नावाने सर्वपरिचित आहे. यंत्रसामग्री चालू आहे किंवा नाही, एवढेच पाहणे म्हणजे ही चाचणी नव्हे. कक्षातील खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीच्या लॅपटॉपला किंवा दूरध्वनीला जाळ्याशी जोडणी मिळते का, ती किती वेळात मिळते आणि संभाषण संपेपर्यंत टिकते का, हे ठरविणे हा तिचा उद्देश असतो. यंत्रसामग्री निर्दोष असूनही वापरणाऱ्यास संपर्क न मिळणे हे बिनतारी जाळ्यांत नित्य आढळते. त्यामुळे मापन कोठून केले, या प्रश्नाला या विषयात मध्यवर्ती स्थान आहे.

आवश्यकता : दूरस्थ बैठकांचा प्रसार होण्यापूर्वी बैठक-कक्षातील संपर्क खंडित झाला, तर गैरसोयीपलीकडे फारसे काही घडत नसे. आता मुलाखती, निविदांच्या बैठका, वैद्यकीय सल्ला व न्यायालयीन कामकाज यांचा काही भाग अशा कक्षांतून चालतो. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दृक्-श्राव्य संपर्काद्वारे साक्ष नोंदविण्यास मान्यता दिली. साक्ष चालू असता आवाज चार सेकंद तुटला, तर ‘नाही’ हा एकच शब्द गळून वाक्याचा अर्थ उलटू शकतो. ज्याचे म्हणणे ऐकावयाचे आहे, त्याचेच म्हणणे अर्धवट पोहोचते आणि तसे झाल्याचे त्याला बहुधा कळतही नाही. हा दोष बैठकीपूर्वी उघडकीस आणणे, हे चाचणीचे खरे प्रयोजन होय.

पनवेल (जि. रायगड) हे या गरजेचे बोलके उदाहरण आहे. मुंबई-पुणे मार्गावरील हे जुने व्यापारी शहर लोहमार्गाचे प्रस्थानक असून तळोजे औद्योगिक क्षेत्र त्याच्या जवळ आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. अशा वाढत्या शहरातील शाखा-कार्यालयात संगणक-जाळ्याचा जाणकार कायम असतोच असे नाही. तो मुंबई, पुणे किंवा आणखी दूरच्या शहरात बसून अनेक कार्यालयांची व्यवस्था पाहतो. ‘कक्षात वाय-फाय चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून दोष शोधण्यासाठी तो प्रत्येक वेळी प्रवास करून येऊ शकत नाही. तो पोहोचेपर्यंत बैठक संपलेली असते आणि रिकाम्या कक्षात दोष आढळत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रेडिओ तरंगांद्वारे संगणक जोडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. ‘अलोहानेट’ या नावाचे हे जाळे १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये काही कंप्रता-पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनास वाव दिला व या तंत्राच्या व्यापारी वापराचा मार्ग मोकळा झाला. बिनतारी स्थानिक जाळ्याचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सेकंदाला १ किंवा २ मेगॅबिट एवढीच माहिती पाठविता येत असे. १९९९, २००३, २००९, २०१३ व २०२१ या वर्षांतील सुधारित आवृत्त्यांमुळे ही गती उत्तरोत्तर वाढत गेली.

भारतात २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्याच्या अटीतून मुक्त करण्यात आले. प्रेषकाची शक्ती १ वॉट व आकाशकाच्या (अँटेनाच्या) दिशिक लाभासह परिणामी प्रारित शक्ती ४ वॉट अशी मर्यादा घालण्यात आली. ५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्याचा काही भाग त्याच सुमारास इमारतींच्या आतील वापरापुरता खुला झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५,१५० ते ५,३५० व ५,४७० ते ५,८७५ मेगॅहर्ट्‌झ असे एकूण ६०५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचे पट्टे विनापरवाना वापरासाठी उपलब्ध करून देण्यात आले. परवाना नसल्यामुळे हे पट्टे कोणा एकाच्या मालकीचे नसतात. शेजारच्या कार्यालयालाही ते वापरण्याचा तेवढाच अधिकार असतो, ही गोष्ट चाचणीचे निष्कर्ष काढताना लक्षात ठेवावी लागते.

दूरवरून संपर्क तपासण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे ‘पिंग’ हा संगणक-कार्यक्रम. तो माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी ध्वनीचा स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. पिंग लहानसा संदेश पाठवितो व उत्तर परत येईपर्यंतचा काळ मोजतो. तारेने जोडलेल्या जाळ्यात या एका मापनावरून बरेच काही कळते. बिनतारी जाळ्यात मात्र ते पुरेसे ठरत नाही. त्याची कारणे रेडिओ तरंगांच्या भौतिक गुणधर्मांत आहेत.

भौतिक आधार : बैठक-कक्षात किंवा त्याच्या जवळ छताला एक प्रेषक-ग्राही पेटी बसविलेली असते. तिला व्यवहारात ॲक्सेस पॉइंट म्हणतात. ती एका बाजूने तारेने कार्यालयाच्या जाळ्याशी व दुसऱ्या बाजूने रेडिओ तरंगांनी वापरणाऱ्यांच्या यंत्रांशी जोडलेली असते. संकेताची तीव्रता एक मिलिवॉट शक्तीच्या तुलनेत, डीबीएम या लॉगरिथमीय एककात सांगतात. १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम. ग्राहीपर्यंत पोहोचणारी शक्ती इतकी अल्प असते की, ती ऋण संख्येने दर्शवितात. उदा., –६७ डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा सु. पन्नास लाखावा भाग. तीव्रता ३ डेसिबेलने घटली की शक्ती निम्मी होते. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाल्यास तीव्रता ६ डेसिबेलने कमी होते.

कार्यालयात मोकळे अवकाश क्वचितच असते. वीट व काँक्रीट यांतून जाताना संकेताचे क्षीणन होते. धातूचा पत्रा तो परावर्तित करतो. उष्णता रोखण्यासाठी काचेला दिलेला धातूचा पातळ लेप डोळ्यांना जाणवत नाही, परंतु रेडिओ तरंगांना तो चांगलाच अडथळा करतो. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने तेही या कंप्रतांचे शोषण करते. सरळ आलेला व भिंतींवरून परावर्तित झालेला असे दोन तरंग एकमेकांत मिसळून त्यांचे व्यतिकरण होते. २·४ गिगॅहर्ट्‌झला तरंगलांबी सु. १२·५ सेंमी., तर ५·५ गिगॅहर्ट्‌झला सु. ५·५ सेंमी. असते. त्यामुळे यंत्र टेबलावर वीतभर सरकविले तरी तीव्रतेत लक्षणीय फरक पडू शकतो.

आणखी एक बाब अशी की, हा संपर्क दुतर्फा असला तरी दोन्ही बाजूंची शक्ती सारखी नसते. ॲक्सेस पॉइंट १०० मिलिवॉट शक्तीने व हातातील दूरध्वनी २५ मिलिवॉट शक्तीने प्रेषण करीत असेल, तर दोन्ही दिशांत ६ डेसिबेलचा फरक पडतो. अशा वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर संकेताच्या सर्व रेषा दिसतात, परंतु त्याने पाठविलेले संदेश ॲक्सेस पॉइंटपर्यंत नीट पोहोचत नाहीत. वापरणारा दुसऱ्याचे बोलणे स्पष्ट ऐकतो. त्याचे स्वतःचे बोलणे मात्र पलीकडे तुटक ऐकू येते.

बैठक-कक्षाचे वेगळेपण : एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते व वाहिनी मोकळी असल्यास प्रेषण करते. म्हणून माहितीच्या वेगाइतकाच वाहिनी व्यापण्याचा काळही महत्त्वाचा असतो. १,५०० बाइटचे (१२,००० बिटांचे) एक पॅकेट सेकंदाला ३०० मेगॅबिट या गतीने पाठविण्यास ४० मायक्रोसेकंद लागतात. ६ मेगॅबिट या गतीने तेच पॅकेट २,००० मायक्रोसेकंद घेते. शिष्टाचाराचे इतर संदेश वगळून केलेला हा हिशेब आहे. कक्षाच्या टोकाला बसलेले, क्षीण संकेतामुळे मंदगतीने बोलणारे एकच यंत्र पन्नास पट काळ वाहिनी अडविते आणि त्याचा त्रास उत्तम संकेत मिळणाऱ्यांनाही होतो.

सर्वसाधारण दालनात माणसे दिवसभर विखुरलेली असतात. बैठक-कक्ष मात्र बराच वेळ रिकामा असतो व ठरावीक वेळी काही मिनिटांत भरतो. वीस माणसे आली की, लॅपटॉप व दूरध्वनी मिळून चाळीस यंत्रे जवळजवळ एकाच वेळी जोडणी मागतात. त्यांतील अनेक यंत्रे आपल्या जागेजवळच्या जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहिलेली असतात. कक्षातील जवळचा पॉइंट सोडून ती भिंतीपलीकडून क्षीण आवाजात बोलत राहतात. शिवाय दार बंद होते, भिंतीवरील मोठ्या पडद्याची धातूची पाठ तरंगांच्या आड येते आणि पडद्यावर चित्र पाठविणारे बिनतारी साधन स्वतःचे वेगळे प्रक्षेपण सुरू करते. रिकाम्या कक्षात उत्तम ठरलेले जाळे भरलेल्या कक्षात अपुरे पडते, ते यामुळेच.

जोडणीचे टप्पे : वापरणाऱ्याला ‘जोडले’ हा एकच शब्द दिसतो, प्रत्यक्षात त्यामागे क्रमाने पार पडणारे अनेक टप्पे असतात. (१) यंत्र वाहिन्या चाळून जाळ्याचे नाव शोधते. (२) ॲक्सेस पॉइंटशी संलग्न होते. (३) परवलीचा शब्द किंवा प्रमाणपत्र दाखवून ओळख पटविते. (४) जाळ्यातील सर्व्हरकडून तात्पुरता अंकीय पत्ता मिळविते. (५) कार्यालयाच्या प्रवेशद्वार-यंत्राशी, म्हणजे गेटवेशी, संपर्क साधते. (६) संकेतस्थळाच्या नावाचे अंकीय पत्त्यात रूपांतर करून घेते. (७) इच्छित सेवेपर्यंत पोहोचते.

चांगली दूरस्थ चाचणी हे सर्व टप्पे पहिल्यापासून पार पाडते व प्रत्येकाला लागलेला काळ स्वतंत्रपणे नोंदविते. त्यामुळे दोषाची जागा निश्चित करता येते. पहिलाच टप्पा अपयशी झाल्यास ॲक्सेस पॉइंट, त्याचा वीजपुरवठा किंवा कंप्रता-पट्टा यांकडे पाहावे लागते. तिसऱ्या टप्प्यातील अपयश बहुधा मुदत संपलेल्या प्रमाणपत्राकडे किंवा ओळख पटविणाऱ्या सर्व्हरकडे बोट दाखविते. चौथ्या टप्प्यात अडथळा असल्यास वाटप करण्याचे पत्ते संपले असण्याचा संभव असतो; माणसे बदलत राहणाऱ्या कक्षात हा प्रकार विशेष आढळतो. सातवाच टप्पा अपयशी असेल, तर दोष बिनतारी जाळ्यात नसून बाहेरील सेवेत असू शकतो. आधीच जोडलेल्या यंत्रावरून केवळ पिंग चालविल्यास पहिले चार टप्पे तपासलेच जात नाहीत. बैठकीच्या आरंभी येणाऱ्या अनेक अडचणी नेमक्या त्याच टप्प्यांतील असतात.

चाचणीच्या पद्धती : (अ) नियंत्रकाच्या नोंदी : सर्व ॲक्सेस पॉइंटांवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकातून जोडलेल्या यंत्रांची संख्या, त्यांची संकेत-तीव्रता, पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेटे व वाहिनीची व्याप्ती ही माहिती मिळते. ही पद्धत स्वस्त आहे; परंतु हे चित्र छतावरून पाहिलेले असते. ज्या यंत्राला जोडणी मिळालीच नाही व ज्याची विनंतीही ऐकू आली नाही, त्याची नोंद यात होत नाही. (आ) शेजारच्या ॲक्सेस पॉइंटचा उपयोग : एका पॉइंटला काही काळ वापरकर्त्याची भूमिका देऊन दुसऱ्याची परीक्षा घेतात. यामुळे जोडणीचे टप्पे तपासता येतात. तथापि पॉइंटचा आकाशक व त्याची उंची ही टेबलावरील दूरध्वनीपेक्षा भिन्न असल्याने निष्कर्ष अधिक अनुकूल येण्याचा संभव असतो. (इ) कक्षातील संवेदक : वापरकर्त्याप्रमाणे वागणारा लहानसा संगणक कक्षात टेबलाच्या उंचीवर ठेवतात. तो ठरावीक काळाने जोडणी तोडून नव्याने जोडतो व फल कळवितो. (ई) वापरणाऱ्यांच्या यंत्रांवरील कार्यक्रम : यातून प्रत्यक्ष अनुभवाची माहिती मिळते, मात्र कक्षात कोणी नसल्यास माहितीही नसते. व्यवहारात पहिली व तिसरी पद्धत एकत्र वापरणे उपयुक्त ठरते. छतावरील व टेबलावरील चित्रे जुळली नाहीत, तर त्या विसंगतीतूनच दोष सापडतो.

संवेदकाने आपले फल कोणत्या मार्गाने कळवावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या बिनतारी जाळ्याची परीक्षा चालू आहे, त्याच जाळ्यातून फल पाठविल्यास जाळे बंद पडताच संवेदकही मुका होतो. म्हणून त्याला तारेची किंवा भ्रमणध्वनीची स्वतंत्र वाट द्यावी लागते. पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात संवेदकाला विद्युत् घटमालेचा आधार असणे इष्ट असते. अन्यथा जाळ्याचा दोष व विजेचा खंड यांतील भेद दुरून कळत नाही. संवेदक गप्प असणे ही स्वतःच एक नोंद मानून तिची दखल घेतली जावी.

मोजमापे व त्यांचा अर्थ : ध्वनी व चित्र यांच्या संभाषणासाठी संकेताची तीव्रता –६७ डीबीएम किंवा त्याहून अधिक व ती गोंगाटाच्या पातळीपेक्षा सु. २५ डेसिबेलने वर असावी, असा व्यावहारिक दंडक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संभाषणांत तो खटकत नाही. विलंबाबरोबरच त्यातील चढउतार व गळालेल्या पॅकेटांचे प्रमाणही मोजतात.

या मापनांची केवळ सरासरी काढणे दिशाभूल करणारे ठरते. समजा, शंभर चाचण्यांपैकी अठ्ठ्याण्णव चाचण्यांत विलंब २० मिलिसेकंद व दोन चाचण्यांत २,००० मिलिसेकंद आला. सरासरी सु. ६० मिलिसेकंद येते व जाळे उत्तम आहे, असे वाटते. बैठकीतील व्यक्तीला मात्र दोन ठिकाणी संभाषण तुटल्याचा अनुभव येतो. म्हणून सर्वांत वाईट काही मापने कोणत्या वेळेची आहेत व त्या वेळी कक्षात किती यंत्रे होती, हे पाहावे लागते. जाळे सुस्थितीत असताना काही आठवडे घेतलेल्या नोंदी पुढील तुलनेसाठी आधारभूत धरतात.

हलकी चाचणी दर पाच-दहा मिनिटांनी करता येते. वाहिनी पूर्ण भरून कमाल गती मोजणारी भार-चाचणी मात्र बैठक चालू असताना करू नये. ती स्वतःच व्यत्ययाचे कारण ठरते. कक्षाच्या आरक्षणाचे वेळापत्रक पाहून ती मधल्या मोकळ्या वेळी योजतात. रिकाम्या कक्षात एका यंत्राने गाठलेली कमाल गती म्हणजे भरलेल्या कक्षाची क्षमता नव्हे. त्यामुळे नवीन कक्ष वापरात आणताना एकदा तरी पुरेशी माणसे व यंत्रे जमवून संपूर्ण परीक्षा घेणे आवश्यक असते.

परिसराचा प्रभाव : २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील लगतच्या वाहिन्यांत ५ मेगॅहर्ट्‌झचे अंतर असते, तर प्रत्येक प्रक्षेपण सु. २० मेगॅहर्ट्‌झ रुंदी व्यापते. त्यामुळे १, ६ व ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता वापरता येतात. अनेक कार्यालये असलेल्या इमारतीत त्या लवकरच अपुऱ्या पडतात. ५ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक आहेत. पण त्यांतील काही रडार यंत्रणांनाही नेमून दिलेल्या आहेत. रडारचा स्पंद ओळखताच ॲक्सेस पॉइंट ती वाहिनी सोडतो, ३० मिनिटे तिकडे परतत नाही आणि अशाच दुसऱ्या वाहिनीवर जाताना आधी सु. एक मिनिट कानोसा घेतो. मुंबईतील वेरावली येथे २०२२ पासून ५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या सी-पट्ट्यातील हवामान-रडार कार्यरत झाले. विमानतळ, बंदर किंवा वेधशाळा यांच्या परिसरातील कार्यालयात ‘वाय-फाय मधूनच मिनिटभर जाते’ अशी तक्रार आल्यास वाहिनी बदलाच्या नोंदी प्रथम तपासाव्यात.

मापनाच्या जागेचे महत्त्व दाखविणारा एक इतिहास पनवेलशी संबंधित आहे. नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची परंपरा चालविते. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरल्यावर तिच्या प्रवाहामुळे कुलाब्यातील चुंबकीय मापने दूषित होतील, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या मापनांचा सांधा जुळविण्यात आला. ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली. भूचुंबकीय मापनात व्यत्ययापासून दूर जाणे हा शहाणपणा होता. बैठक-कक्षाच्या चाचणीत याउलट व्यत्ययाच्या मध्यभागी राहूनच मापन करावे लागते, कारण तेथेच माणूस बसलेला असतो. मात्र संवेदकाची जागा किंवा प्रकार बदलताना काही काळ जुना व नवा असे दोन्ही एकत्र चालवावेत, हा अलिबागचा धडा येथेही लागू पडतो.

सुरक्षितता व मर्यादा : संवेदकात जाळ्याची परवली साठविलेली असते, तो चोरीस गेल्यास ती उघड होऊ शकते. म्हणून त्याला मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते देतात. चाचणीसाठी संभाषणाचा आशय पाहण्याची गरज नसते. काळ, तीव्रता व संख्या एवढ्या नोंदी पुरतात. वापरणाऱ्यांच्या यंत्रांवरून माहिती घ्यावयाची असल्यास त्यांना तसे आधी सांगणे उचित असते. कोण कोणत्या कक्षात किती वेळ होता, हेही अशा नोंदींतून कळू शकते. भारतात वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे.

दूरस्थ चाचणीने प्रत्यक्ष पाहणी पूर्णपणे टळत नाही. संकेत अचानक १० डेसिबेलने घटला, हे दुरून कळते. पॉइंटखाली लोखंडी कपाट आणून ठेवले आहे, हे तेथे असलेला माणूसच सांगू शकतो. यास्तव कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्यास पॉइंटवरील दिव्यांचा अर्थ, तार काढून पुन्हा लावण्याची रीत व तक्रार नोंदविताना कक्ष, वेळ, यंत्राचा प्रकार व बसण्याची जागा कळविण्याची सवय एवढे शिकविणे हा व्यवस्थेचा आवश्यक भाग मानतात. संवेदकाची नोंद निर्दोष असताना वापरणाऱ्याची तक्रार आली, तर ती तक्रार खोटी न मानता संवेदकाने न तपासलेली जागा, वेळ किंवा यंत्र शोधणे ही तपासाची पुढील पायरी होय.